फुफ्फुसाच्या तीव्र इजेत दाहाचे अहवाल कसे वाचावेत

मिरज, सांगली, कराड किंवा सातारा येथील एखाद्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या हातात दोन-तीन दिवसांतच एक जाड फाइल जमा होते. तिच्यात सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, फेरिटिन, डी-डायमर, एलडीएच, आयएल-६, एबीजी अशी नावे असतात, त्यांच्यापुढे आकडे असतात आणि आकड्यांच्या शेजारी ठळक छापलेले वर जाणारे बाण असतात. कोणीतरी त्या कागदांचे फोटो काढून पुण्यातल्या भाच्याला पाठवते, भाचा ते आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवतो आणि संध्याकाळपर्यंत घरात तीन वेगवेगळी मते तयार होतात. हे लेखन अशा नातेवाइकांसाठी आहे, आणि विटा, जत, पाटण किंवा दहिवडीसारख्या गावी दवाखाना चालवणाऱ्या त्या डॉक्टरांसाठीही आहे, ज्यांच्याकडे हीच फाइल ‘साहेब, जरा बघून सांगा’ म्हणून येते. उपचार ठरवणे हा त्याचा हेतू नाही. राउंडच्या वेळी नेमका प्रश्न विचारता यावा आणि मिळालेले उत्तर समजावे, एवढाच आहे.

दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे इजेला किंवा संसर्गाला शरीराची प्रतिक्रिया) दाखवणारा कोणताही आकडा एकटा वाचू नये, ही गोष्ट सर्वांत आधी सांगितली पाहिजे. नमुना कोणत्या वेळी घेतला, आकडा कालच्यापेक्षा कोणत्या दिशेने चालला आहे आणि त्याच वेळी रुग्णाला किती ऑक्सिजन लागत होता, या तीन गोष्टी शेजारी मांडल्याशिवाय सीआरपी (दाहात रक्तात वाढणारे प्रथिन) ३०० असला काय आणि १०० असला काय, त्यातून फारसे हाती लागत नाही. सांगलीच्या माणसाला हे वेगळे शिकवण्याची गरज नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण गाठते आहे का, एवढेच विचारून कोणी थांबत नाही. पाणी चढते आहे की उतरते आहे, आणि कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे, हे त्याच दमात विचारले जाते, कारण धरणातून सुटलेले पाणी पुलाखाली दिसायला वेळ लागतो. रक्तातील दाहाच्या खुणांचेही असेच आहे. काही खुणा उगमाजवळच्या असतात आणि काही तासांत वरखाली होतात, तर काही उशिरा चढतात आणि उशिरा उतरतात.

फुफ्फुसात काय घडते

वायुकोशातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांच्यामध्ये एका मायक्रॉनपेक्षाही पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला वायुकोशाच्या अस्तराच्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी असतात. न्यूमोनिया झाला किंवा उलटी श्वासनलिकेत गेली, तर इजा हवेच्या बाजूने सुरू होते. रक्तातील जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाचा तीव्र दाह यांसारख्या आजारांत ती रक्ताच्या बाजूने येते. सुरुवात कोठूनही होवो, पुढचा क्रम बराचसा सारखा असतो. वायुकोशात पहारा देणाऱ्या भक्षक पेशी टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ आणि आयएल-८ असे रासायनिक निरोप सोडतात. आयएल-८ च्या हाकेला न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी मोठ्या संख्येने धावून येते आणि जंतूंसाठी राखलेली विकरे (एन्झाइम) व तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये सोडते, ज्यांत जंतूंबरोबर तो पडदाही होरपळतो. पडदा गळू लागला की प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात शिरते, वायुकोश उघडे ठेवणारे सरफॅक्टंट निकामी होते, लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात, आणि फुफ्फुसातून गेलेले बरेचसे रक्त ऑक्सिजन न घेताच परत फिरते.

नातेवाइकांना ‘फुफ्फुसात पाणी झाले आहे’ असे सांगितले जाते ते हेच पाणी. हृदय कमकुवत झाल्यामुळे साठणारे पाणी मात्र वेगळे असते, आणि एक्स-रेवर दोन्ही बऱ्याचदा सारखीच पांढरी दिसतात. म्हणूनच अशा रुग्णाची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरील ताण दाखवणारी रक्ततपासणी केली जाते. एनटी-प्रोबीएनपी अगदी कमी असेल तर हृदयाकडून आलेल्या पाण्याची शक्यता बरीच मागे पडते. उलट ते वाढलेले असेल तर त्यावरून लगेच हृदयाला दोष देऊ नये, कारण गंभीर जंतुसंसर्गात आणि मूत्रपिंडे बिघडल्यावरही ते वाढते.

या आजाराचे पहिले स्पष्ट वर्णन १९६७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात १२ रुग्णांच्या आधारे झाले. १९९४ च्या अमेरिकी-युरोपीय परिषदेने कमी तीव्र स्वरूपाला ‘अक्यूट लंग इंज्युरी’ (एएलआय) असे वेगळे नाव दिले होते. २०१२ च्या बर्लिन व्याख्येने ते नाव सोडून सर्व पायऱ्या एआरडीएस (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) या एकाच नावाखाली आणल्या, तरी जुन्या सवयीने अनेक डॉक्टर आजही एएलआय म्हणतात. फाइलमध्ये एका पानावर एएलआय आणि दुसऱ्यावर एआरडीएस दिसले, तर दोन वेगळे आजार झाले असे समजू नये.

आपल्या भागात कारणांची यादी थोडी वेगळी असते, आणि ती लक्षात ठेवणे उपयोगी ठरते, कारण दाहाच्या खुणा कारण सांगत नाहीत. न्यूमोनिया आणि रक्तातील जंतुसंसर्ग ही सर्वत्र आढळणारी कारणे येथेही आहेतच. त्यांखेरीज पावसाळ्यात आणि महापुरानंतर चिखलपाण्यात काम केलेल्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस, झुडपांतल्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून येणारा स्क्रब टायफस, स्वाइन फ्लू, डेंग्यू, मलेरिया आणि शेतातील विषबाधा यांचा विचार करावा लागतो. म्हणून रुग्ण गेल्या दोन आठवड्यांत कोठे काम करत होता, पुराच्या पाण्यात उतरला होता का, पायाला जखम होती का, अंगावर काळसर खपली धरलेला चावा दिसला का, हे सगळे डॉक्टरांना न विचारता सांगावे. कित्येकदा या माहितीने जे साधते ते हजारो रुपयांच्या तपासण्यांनी साधत नाही.

पॅराक्वॅट या तणनाशकाच्या विषबाधेविषयी येथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे नातेवाईक आणि कर्मचारी यांच्यात हमखास वाद होतात. या विषात ऑक्सिजन स्वतःच फुफ्फुसाची इजा वाढवतो. त्यामुळे रक्तातील ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय डॉक्टर तो मुद्दाम देत नाहीत. मॉनिटरवर ९० च्या आसपास आकडा दिसत असताना मास्क लावलेला नाही म्हणून आरडाओरडा करण्यापूर्वी कारण विचारावे.

आधी ऑक्सिजनचा कागद

फाइल उघडली की दाहाच्या आकड्यांकडे न वळता प्रथम एबीजी म्हणजे धमनीतील रक्तवायूंचा कागद शोधावा. त्यावर पीएओटू हा आकडा असतो. तो रक्तातील ऑक्सिजनचा दाब दाखवतो. दुसरा आकडा एफआयओटू, म्हणजे त्या क्षणी रुग्ण श्वासातून किती टक्के ऑक्सिजन घेत होता. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. नाकातील नळीने मिनिटाला एक लिटर दिल्यास सुमारे २४ टक्के होतो आणि पुढच्या प्रत्येक लिटरला साधारण चार टक्क्यांनी वाढतो. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की पीएफ रेशो मिळतो. पीएओटू ६६ आणि एफआयओटू ६० टक्के असेल, तर ६६ भागिले ०.६ म्हणजे ११०. तोच ६६ चा दाब ४० टक्के ऑक्सिजनवर असेल, तर १६५. कागदावर पीएओटूचा आकडा दोन्ही दिवशी सारखाच दिसतो, पण दुसऱ्या दिवशीचे फुफ्फुस बरेच बरे असते.

बर्लिन व्याख्येनुसार हा रेशो ३०० ते २०० असल्यास इजा सौम्य, २०० ते १०० असल्यास मध्यम आणि १०० किंवा त्याहून कमी असल्यास तीव्र मानली जाते. त्याबरोबर छातीच्या दोन्ही बाजूंना एक्स-रेमध्ये डाग हवेत, मूळ आजारापासून किंवा श्वासाचा त्रास वाढल्यापासून एका आठवड्याच्या आत हे घडलेले असावे, आणि सर्व दोष हृदयावर टाकता येत नसावा. हा रेशो १५० च्या खाली राहिला तर व्हेंटिलेटरवरील रुग्णाला दिवसातून सोळा तास किंवा अधिक काळ पालथे झोपवतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-स्पेनमधील चाचणीत या साध्या कृतीने २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. पालथे ठेवल्यावर चेहरा सुजतो आणि भेटीच्या वेळी आत गेलेली माणसे तो पाहून घाबरतात. ही सूज फुफ्फुसातील दाहाची नव्हे.

एबीजी नसेल तर मॉनिटरवरील एसपीओटूने, म्हणजे बोटाला चिमटा लावून मोजलेल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीने, काम भागवता येते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या जागतिक व्याख्येने एसपीओटूला एफआयओटूने भागून येणारा ३१५ किंवा त्याहून कमी आकडाही मान्य केला आहे, मात्र एसपीओटू ९७ किंवा कमी असला पाहिजे. लहान रुग्णालयांच्या दृष्टीने हा मोठाच बदल आहे. मॉनिटरवर ९५ दिसत असेल आणि ऑक्सिजन ४० टक्के असेल, तर भागाकार सुमारे २३७ येतो; ८० टक्के असेल, तर ११९. ‘काल पण पंच्याण्णव, आज पण पंच्याण्णव, म्हणजे जैसे थे’ हा समज चुकीचा आहे, हे या एका भागाकाराने स्पष्ट होते.

या गणितातील कच्चा दुवा यंत्रात नसतो, तर चिठ्ठीत असतो. एबीजीच्या कागदावर त्या क्षणाचे एफआयओटू पुष्कळदा लिहिलेलेच नसते, किंवा यंत्रात आधीचा २१ तसाच राहिलेला असतो, आणि मग पीएफ रेशो चुकीचा छापला जातो. सिस्टरना नम्रपणे विचारावे, ‘सिस्टर, हा नमुना घेतला तेव्हा मशीनवर ऑक्सिजन किती होता?’ आणि उत्तर पेनने त्याच कागदावर लिहून ठेवावे. महाबळेश्वर आणि पाचगणी ही गावे समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असल्यामुळे तेथे हवेचा दाब कमी असतो आणि निरोगी माणसाचाही पीएओटू थोडा कमी येतो, त्यामुळे तेथे घेतलेल्या नमुन्याचा अर्थ लावताना हवेच्या दाबाची दुरुस्ती करावी लागते. सांगली, कराड आणि सातारा शहर यांना ती लागत नाही.

एकक आणि वेळ

दाहाच्या आकड्यांकडे वळताना आधी उजवीकडचे एकक वाचावे. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटींचा फरक आहे. तासगावच्या लॅबमध्ये १८ आलेला सीआरपी मिरजेत आल्यावर १७५ झाला म्हणून घरचे हादरतात, पण पहिल्या कागदावर प्रति डेसिलिटर आणि दुसऱ्यावर प्रति लिटर असेल, तर आकडा वाढलेला नसून किंचित उतरलेला असतो. डी-डायमरचा गोंधळ याहून मोठा असतो. तो नॅनोग्रॅममध्ये किंवा मायक्रोग्रॅममध्ये देतात, शिवाय एफईयू आणि डीडीयू अशा दोन पद्धती आहेत, आणि एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. शक्य असेल तेव्हा एकाच लॅबमधील आकड्यांची आपसात तुलना करावी. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर एलडीएच आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले येतात. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत तशी टीप असते आणि ती कोणी वाचत नाही.

त्यानंतर नमुना घेतल्याची वेळ पाहावी. अहवाल छापल्याची वेळ निराळी असते. रात्री दोनला घेतलेल्या रक्ताचा अहवाल दुपारी हाती पडतो, आणि दरम्यानच्या बारा तासांत रुग्ण सुधारलेला किंवा बिघडलेला असू शकतो.

सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन

सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातच लागला, हे या विषयाला साजेसेच आहे. आयएल-६ चा निरोप मिळाल्यावर यकृत ते प्रथिन तयार करते. त्यामुळे इजेनंतर सहा ते आठ तासांनी तो चढू लागतो, साधारण दीड-दोन दिवसांनी शिखर गाठतो, आणि निर्मिती पूर्ण थांबली तरी निम्मा व्हायला सुमारे १९ तास घेतो. यावरून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. पहिल्या काही तासांतला कमी सीआरपी पाहून निर्धास्त होऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्यापेक्षा वाढला म्हणून औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष काढू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तो उतरत नसेल, तेव्हा मात्र डॉक्टरांना कारण विचारणे योग्य ठरते. सीआरपी कोणत्याही दाहात वाढतो; जिवाणू, विषाणू, शस्त्रक्रिया, स्वादुपिंड असा फरक तो करत नाही.

प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या संसर्गाकडे अधिक झुकते, आणि म्हणूनच महाग असूनही ते उपयोगी आहे. ते तीन ते सहा तासांत वाढू लागते आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दिवसागणिक निम्मे होत जाते. श्वसनसंस्थेच्या आजारात ते ०.२५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल, तर जिवाणूंची शक्यता कमी धरतात. त्याचा खरा उपयोग मात्र सुरुवातीला होण्यापेक्षा शेवटी होतो: शिखरापासून ८० टक्के उतरले किंवा ०.५ च्या खाली आले, तर रुग्णाची एकूण प्रकृती पाहून प्रतिजैविके थांबवण्याचा विचार करता येतो. गंभीर रुग्णाची प्रतिजैविके केवळ पहिला आकडा कमी आला म्हणून रोखू नयेत. शिवाय मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, मोठा अपघात आणि तीव्र मलेरिया यांतही ते चढते, आणि मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णात ते मुळातच थोडे वर राहते. माझ्या मते डायलिसिसवरील रुग्णाच्या एकाच प्रोकॅल्सिटोनिनवर घरात चर्चा करण्यात काहीच अर्थ नाही.

फेरिटिन, एलडीएच आणि डी-डायमर यांविषयी थोडक्यात सांगता येते. फेरिटिन दाहात वाढते, तसेच यकृताच्या इजेतही वाढते. ते अनेक हजारांत गेले तर डॉक्टर प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी उद्रेकाचा शोध घेतात. एलडीएच पेशी मोडल्याची सर्वसाधारण खूण आहे. डी-डायमर गुठळ्या बनून विरघळत असल्याचे सांगते, पण अतिदक्षता विभागातील बहुतेक रुग्णांत ते वाढलेलेच असते. पाय एकाएकी सुजला किंवा एक्स-रे तसाच असताना ऑक्सिजनची गरज अचानक वाढली, तर त्याला महत्त्व येते. सीबीसीमधील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचा भागाकार करून घरी आलेख काढणारी मंडळीही भेटतात. स्टेरॉइड सुरू झाल्यावर तो भागाकार वाढणारच, तेव्हा तो नाद सोडलेला बरा. लॅक्टेट ही दाहाची खूण नाही, तरीही मी ते सीआरपीच्या आधी पाहतो. ते २ मिलिमोल प्रति लिटरपेक्षा जास्त असेल आणि चढत असेल, तर अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा होत नसल्याची शंका येते, आणि तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशोब असतो.

औषधांमुळे बदलणारे आकडे

आयएल-६ उगमाजवळची खूण आहे; ती लवकर चढते आणि लवकर उतरते. म्हणूनच दिवसातून एकदा केलेल्या आयएल-६ वरून रोजचा निर्णय घेणे कठीण असते, आणि ती तपासणी रोज करण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. टोसिलिझुमॅब हे औषध दिलेल्या रुग्णात तर हा आकडा फसवतो. हे औषध आयएल-६ ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो ती ग्राहीच अडवते, त्यामुळे अडकून राहिलेला आयएल-६ रक्तात वाढलेला दिसतो, तर यकृताला निरोप न मिळाल्यामुळे सीआरपी झपाट्याने खाली येतो. अशा रुग्णाला नवा संसर्ग झाला तरी सीआरपी चढणार नाही आणि तापही फारसा येणार नाही. हे औषध दिले असेल, तर त्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी, आणि रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला तर ती तोंडी सांगावी.

कोविडच्या काळातील ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतून या विषयाचा एक धडा घेता येतो. तिच्यात रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कमाल दहा दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही. टोसिलिझुमॅबसाठी त्याच चाचणीने ऑक्सिजनची कमतरता आणि सीआरपी ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा अधिक, अशा दोन्ही अटी एकत्र ठेवल्या होत्या. घरी बसून, ऑक्सिजन ९८ असताना, केवळ सीआरपी वाढला म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करण्याची जी लाट तेव्हा आली होती, तिला या निष्कर्षांत आधार नव्हता.

व्हेंटिलेटरही दाह वाढवू शकतो, ही गोष्ट मात्र पुरेशी माहीत नसते. अमेरिकेतील एआरडीएस नेटवर्कच्या २००० मधील चाचणीत ८६१ रुग्णांपैकी निम्म्यांना प्रतिकिलो १२ मिलिलिटर आणि निम्म्यांना ६ मिलिलिटर एवढा श्वास दिला गेला. लहान श्वास मिळालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण ३९.८ ऐवजी ३१ टक्के राहिले आणि त्यांच्या रक्तातील आयएल-६ अधिक उतरला. येथील किलो हे उंचीवरून काढलेले वजन असते, काट्यावरचे नव्हे. पुरुषासाठी उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यातून १५२.४ वजा करायचे, त्याला ०.९१ ने गुणायचे आणि ५० मिळवायचे. स्त्रीसाठी ५० च्या जागी ४५.५. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे असे वजन ६१.५ किलो येते आणि श्वास सुमारे ३७० मिलिलिटरचा होतो, मग तो माणूस प्रत्यक्षात ८५ किलोचा असला तरी. झोपलेल्या रुग्णाची उंची अंदाजाने लिहिली जाते. खरी उंची ठाऊक असेल, तर ती नातेवाइकांनी सांगावी. ही मदत खरोखर उपयोगाची आहे.

संशोधनातील खुणा

वर्तमानपत्रांत किंवा इंटरनेटवर एसआरएजीई, अँजिओपॉइटिन-२, सरफॅक्टंट प्रोटीन-डी अशी नावे वाचून काहीजण त्या तपासण्या कोठे होतील असे विचारतात. पहिली वायुकोशाच्या अस्तराची, दुसरी रक्तवाहिनीच्या अस्तराची आणि तिसरी सरफॅक्टंट बनवणाऱ्या पेशींची इजा दाखवते, म्हणजे पडद्याची कोणती बाजू फाटली हे त्यांवरून काही अंशी कळते. रोजच्या उपचारात त्या अजून आलेल्या नाहीत आणि त्यांच्यासाठी धावपळ करण्याचे कारण नाही. त्यांच्यामागचा विचार मात्र महत्त्वाचा आहे. २०१४ मध्ये जुन्या चाचण्यांतील माहितीचे नव्याने विश्लेषण झाले, तेव्हा एआरडीएसचे रुग्ण दोन गटांत विभागलेले दिसले. साधारण तिसरा हिस्सा रुग्णांत आयएल-६ व आयएल-८ जास्त, बायकार्बोनेट कमी, रक्तदाब टिकवण्यासाठी औषधांची गरज अधिक आणि मृत्यूंचे प्रमाणही अधिक होते. व्हेंटिलेटरच्या एकाच बदलाला दोन्ही गटांनी वेगवेगळा प्रतिसाद दिला होता. सिमवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरील औषधाच्या चाचणीत सरसकट फायदा दिसला नव्हता, पण २०१८ मध्ये तीच माहिती या दोन गटांत विभागून पाहिल्यावर तीव्र दाहाच्या गटात जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. यावरून आज कोणाला सिमवास्टॅटिन द्यावे असे ठरत नाही. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला जे औषध लागू पडले ते आपल्याला का देत नाहीत, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात आहे.

एकाच कागदावर मांडणी

वहीचे एक आडवे पान घ्यावे आणि डावीकडून तारीख व नमुन्याची वेळ, एफआयओटू, पीएफ रेशो, लॅक्टेट, प्रोकॅल्सिटोनिन, सीआरपी आणि शेवटी त्या दिवशी बदललेले औषध किंवा कृती असे रकाने आखावेत. ऑक्सिजन सीआरपीच्या आधी ठेवण्यात हेतू आहे. समजा, पलूसकडील ५२ वर्षांचा ऊस उत्पादक न्यूमोनियाने दाखल झाला. पहिल्या दिवशी पीएफ ११२, प्रोकॅल्सिटोनिन १८ आणि सीआरपी ३१०. तिसऱ्या दिवशी पीएफ १४८, प्रोकॅल्सिटोनिन ७, पण सीआरपी २८०. या दिवशी घरचे सीआरपीवर अडून बसतात, मात्र पानावर स्पष्ट दिसते की ऑक्सिजनची गरज घटते आहे आणि लवकर हलणारी खूण निम्म्याहून खाली आली आहे. पाचव्या दिवशी पीएफ २०५, प्रोकॅल्सिटोनिन २.४, सीआरपी १५०. प्रोकॅल्सिटोनिन शिखरापासून ८० टक्क्यांहून अधिक उतरले, म्हणून प्रतिजैविकांविषयी विचारण्याची वेळ आली. सातव्या दिवशी मात्र पीएफ १६०, प्रोकॅल्सिटोनिन ४.१ आणि सीआरपी १७०. सीआरपीतील वीसची वाढ कोणाच्या नजरेतही भरली नसती. पण तिन्ही रकाने एकाच दिवशी उलटे फिरले आहेत, आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर असल्यामुळे नवा संसर्ग, नळीतून झालेला न्यूमोनिया किंवा कोसळलेला फुफ्फुसाचा भाग यांचा शोध घ्यावा लागेल.

हे पान घेऊन राउंडच्या वेळी दोनच प्रश्न विचारावेत: ‘डॉक्टरसाहेब, कालच्यापेक्षा ऑक्सिजन कमी लागतोय का?’ आणि ‘मूळ कारण सापडलं का, आणि ते आटोक्यात येतंय का?’ आकडा का वाढला, हा प्रश्न त्यानंतर आपोआप येतो. घरातील एकाच माणसाने विचारावे आणि बाकीच्यांना त्याने सांगावे.

घरी परतल्यावर दाहाच्या खुणांचे काम जवळपास संपलेले असते. सीआरपी सामान्य झाला तरी फुफ्फुस पूर्ववत झाले असे होत नाही, कारण पडदा सांधताना काही रुग्णांत तंतुमय जाळे मागे राहते आणि ते रक्ताच्या या तपासण्यांत दिसत नाही. साधारण तीन महिन्यांनी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी आणि फुफ्फुसातून वायूची देवाणघेवाण मोजणारी डीएलसीओ तपासणी करावी, आणि गरज भासल्यास सीटी स्कॅन करावे. दम लागणे, मांड्यांतील ताकद जाणे आणि विसरभोळेपणा अनेक महिने टिकू शकतात, हे घरच्यांनी धरून चालावे. त्या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा एबीजी, शेवटचा एक्स-रे आणि वहीतील ते आडवे पान बरोबर न्यावे. ताप किंवा नवा खोकला नसेल, तर सीआरपी पुन्हा करून नेण्याची गरज नसते.